फॉरमॅट मारण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरमधल्या जाहिराती आणि घुसखोर कसे काढायचे

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले, पीकविम्याचे फॉर्म सुरू झाले, नाहीतर महाडीबीटीची शेवटची तारीख जवळ आली, की लातूर-परभणीकडच्या घरांमधून एकच तक्रार ऐकू येते. "कॉम्प्युटरवर नुसत्या जाहिराती यायलेत. एक उघडायला गेलं की दुसरंच उघडतंय." मग सीपीयू गाडीवर घालून दुकानात नेतात आणि तिथे फॉरमॅट मारून मिळतो. जाहिराती जातात, पण त्यांच्यासोबत लग्नाचे फोटो, पोरीच्या नीटच्या नोट्स आणि सातबाऱ्याचे स्कॅनही जातात. काही आठवड्यांनी जाहिराती परत येतात, कारण त्या ज्या वाटेने आल्या ती वाट कुणी बंद केलेलीच नसते.

बहुतेक घरांत फॉरमॅटची गरजच नसते. आपण कधीतरी घाईत "अलाऊ" किंवा "नेक्स्ट" दाबून जी परवानगी दिली, ती शोधून परत घ्यायची असते. हे काम घरबसल्या, फुकट आणि एकही फाईल न गमावता होतं. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे, आणि ज्यांनी सेटिंग्जचं पान आजवर उघडलेलं नाही त्यांनाही जमेल असं आहे.

फक्त क्रम मोडू नका. आधी घुसलेलं बाहेर काढायचं, मग जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा जादा प्रोग्राम, टाकायचं. त्यालाच ब्लॉकर म्हणतात. अनेकजण उलटं करतात. मग ब्लॉकर पानावरच्या जाहिराती अडवत राहतो, विंडोजमध्ये बसलेला प्रोग्राम नव्या जाहिराती उघडत राहतो, आणि "ब्लॉकरचा काही उपयोग नाही" असं ठरवून माणूस मोकळा होतो.

आधी ओळखा, जाहिरात येते कुठून

सगळे ब्राउझर, म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स, बंद करा आणि पाच-दहा मिनिटं नुसता डेस्कटॉप पाहत बसा. उजव्या कोपऱ्यात खालून चौकोनी चिठ्ठ्या वर येत असतील, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले", "तुम्हाला बक्षीस लागलं", अशा, तर ती बहुधा नोटिफिकेशनची भानगड आहे. सगळ्यात जास्त घरांत हीच असते आणि काढायलाही सगळ्यात सोपी.

ब्राउझर उघडल्याबरोबर ओळखीचं पान न येता भलतंच सर्च पान येतं, किंवा तुम्ही गुगलवर शोधता आणि उत्तरं दुसऱ्याच कुठल्या साईटवर उघडतात, तर तो हायजॅकर. म्हणजे ब्राउझरचा ताबा घेणारा प्रोग्राम किंवा एक्स्टेन्शन. तुमचा प्रत्येक शोध आपल्या वाटेने वळवायचा आणि त्यातल्या जाहिरातींवर पैसे कमवायचे, हा त्याचा धंदा. याला क्षुल्लक समजू नका. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने २०१७ मध्ये फायरबॉल नावाचा असाच एक हायजॅकर उघड केला. त्यांच्या अंदाजाने तो जगभरात २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये होता आणि त्यातले सर्वाधिक, अडीच कोटींच्या आसपास, भारतात होते. हा आकडा फुगवलेला असल्याचं मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटलं. पण तो पसरला कसा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत, लोकांनी स्वतःच्या हाताने "नेक्स्ट, नेक्स्ट" करताना.

तिसरा प्रकार साधा. बातमीची साईट उघडली की मजकुराच्या आजूबाजूला जाहिराती. हा काही रोग नव्हे, साईटवाल्यांनीच त्या लावलेल्या असतात. त्यासाठी ब्लॉकर.

शेवटची एक खूण. एकाच वायफायवर कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि घरातले सगळे फोन भलत्याच पानांवर जात असतील, तर दोष कॉम्प्युटरचा नाही, राउटरचा असू शकतो. अशा वेळी राउटर रीसेट करून त्याचा ॲडमिन पासवर्ड बदलून घ्यायचा. इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्याकडून हे करून घेतलेलं बरं.

स्क्रीनवर फोन नंबर आला तर

हे मध्येच सांगतोय, कारण यात माणसाचे पैसे जातात. कधी अख्खा स्क्रीन निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, "मायक्रोसॉफ्ट सपोर्टला या नंबरवर लगेच फोन करा, कॉम्प्युटर बंद करू नका" असं येतं. घरात एकटी आजी किंवा नववी-दहावीतलं लेकरू असेल तर घाबरून जातं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ते नुसतं एक वेबपान असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं.

एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा, पान लहान होईल, मग बंद करा. नाहीच जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून "एंड टास्क" करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" असं विचारलं तर नको म्हणा.

फोन आधीच लावला असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं ॲप टाकून त्याला आपला स्क्रीन दिला असेल, तर पहिलं काम म्हणजे वायफाय बंद करा किंवा वायर काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर तक्रार द्या. लाज बाळगून उद्यावर ढकलू नका. पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

नोटिफिकेशनची परवानगी काढून घ्या

आता मुख्य कामाला लागू. सिनेमा फुकट दाखवणाऱ्या, पीडीएफ देणाऱ्या, निकाल "सर्वात आधी" दाखवणाऱ्या साईटवर गेलं की वर डाव्या बाजूला एक छोटी चौकट येते: अलाऊ किंवा ब्लॉक. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा". आपल्याला पीडीएफ हवी असते, आपण दाबतो. त्या क्षणापासून त्या साईटला तुमच्या स्क्रीनवर कधीही चिठ्ठी टाकायचा हक्क मिळतो. तुम्ही ती साईट पुन्हा कधी उघडली नाही तरी. क्रोमची खिडकी बंद केली तरीसुद्धा, कारण क्रोम मागे चालू राहू शकतो. कितीही अँटिव्हायरस फिरवला तरी तो हे पकडत नाही. पकडण्यासारखा व्हायरस तिथे नसतोच, तुम्ही दिलेली परवानगी असते.

क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, ती दाबून सेटिंग्जमध्ये जा. डावीकडे "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", त्यात "साईट सेटिंग्ज", त्यात "नोटिफिकेशन्स". खाली परवानगी मिळालेल्या साईटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची, आकडे घुसवलेली जी जी नावं असतील त्यांच्यापुढची तीन टिंबं दाबून "ब्लॉक" करा. मग त्याच पानावर वर "साईटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडा. घरच्या कॉम्प्युटरवर नोटिफिकेशन लागतातच कुणाला? मेल आणि व्हॉट्सॲपसाठी फोन आहेच.

सेटिंग्जमधल्या "सिस्टिम" भागात आणखी एक बटण आहे: क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप्स चालू ठेवायची का. तेही बंद करा. जुन्या मशीनला तेवढाच श्वास मिळतो.

एज आणि फायरफॉक्समध्येही हेच करायचं. मेन्यूंच्या जागा दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा एक सवय लावा. तिन्ही ब्राउझरच्या सेटिंग्जच्या पानावर शोधायची चौकट असते, तिच्यात इंग्रजीत "नोटिफिकेशन" टाइप केलं की तो भाग समोर येतो.

ज्यांच्या घरी फक्त कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांचा त्रास होता, त्यांचं काम इथेच झालं. तरीही पुढे वाचा.

कोणता प्रोग्राम कधी आला ते बघा

स्टार्ट, सेटिंग्ज, ॲप्स, आणि मग विंडोज ११ मध्ये "इन्स्टॉल्ड ॲप्स", १० मध्ये "ॲप्स अँड फीचर्स". यादी तारखेप्रमाणे लावा. नव्या माणसासाठी ही तारीखच सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्रास कधीपासून सुरू झाला ते घरात विचारा. "दिवाळीत पोरानं गेम टाकला तेव्हापासून", "प्रिंटर आणला त्या दिवसापासून", असं काहीतरी उत्तर मिळतंच. त्याच दिवशी आणखी काय काय टाकलं गेलं ते यादीत बघा. बहुधा एका प्रोग्रामसोबत दोन-तीन आगंतुक आलेले दिसतील: कॉम्प्युटर "फास्ट" करणारा, ड्रायव्हर अपडेट करणारा, पीडीएफ बदलणारा, हवामान दाखवणारा, नाहीतर कधी नाव न ऐकलेला एखादा ब्राउझर. एकेक निवडून अनइन्स्टॉल करा. काढताना ते प्रश्न उलटसुलट विचारतात, "संरक्षण चालू ठेवायचं का" वगैरे, आणि हवं ते बटण फिकट रंगात असतं. सावकाश वाचून दाबा.

हात लावू नये अशीही नावं आहेत. "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस" या नावाच्या चार-सहा नोंदी दिसतील, त्या राहू द्या, इतर प्रोग्रामना त्या लागतात. इंटेल, एएमडी, रियलटेक आणि तुमच्या प्रिंटरच्या कंपनीचं नावही तसंच सोडा. ज्याची खात्री नाही ते नाव मोबाईलवर शोधून बघा, मग ठरवा.

टास्क मॅनेजरमध्ये "स्टार्टअप" नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय उठतं त्याची ती यादी. अनोळखी नोंदींवर राइट क्लिक करून "डिसेबल" करा. इथे चूक झाली तरी काही बिघडत नाही, परत "एनेबल" करता येतं.

ब्राउझरच्या आतली झाडलोट

क्रोममध्ये तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. घरच्या कॉम्प्युटरवर इथे दोन-तीनपेक्षा जास्त गोष्टी असायचं कारण नाही. कूपन देणारं, व्हिडिओ उतरवणारं, नव्या टॅबवर देवाचे फोटो दाखवणारं, पीडीएफचं, जे स्वतः विचारपूर्वक टाकल्याचं आठवत नाही ते "रिमूव्ह" करा. नुसतं बंद करून ठेवू नका. बऱ्याच एक्स्टेन्शनना "सगळ्या साईटवरचा तुमचा सगळा मजकूर वाचणं आणि बदलणं" ही परवानगी दिलेली असते. म्हणजे तुम्ही नेटबँकिंगच्या पानावर काय टाइप करता तेही त्यांना दिसू शकतं. एवढी सत्ता अनोळखी माणसाच्या हाती ठेवायची का, याचा विचार करा.

कधी रिमूव्हचं बटणच नसतं आणि "तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने टाकलेलं" असं लिहिलेलं असतं. मेन्यूच्या तळाशी "तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते" असंही दिसतं. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर हे योग्यच आहे, तिथे काही करू नका. घरच्या कॉम्प्युटरला मात्र कुठली संस्था? काही अँटिव्हायरसही ही सोय वापरतात, पण घरी हे दिसलं तर बहुतेक वेळा हायजॅकरने स्वतःला पक्कं बसवलेलं असतं. त्याचा उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये "सर्च इंजिन" बघा, गुगल किंवा तुम्हाला हवं ते ठेवा आणि यादीतली अनोळखी नावं काढून टाका. "ऑन स्टार्टअप"मध्ये नवीन टॅब उघडण्याचा पर्याय निवडा.

इतकं करूनही क्रोम उघडल्यावर तेच भलतं पान येत असेल, तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज" उघडा. "टार्गेट"च्या चौकटीतला मजकूर क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्ह इथेच संपायला हवा. त्यापुढे एखाद्या साईटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा आणि ओके करा. हायजॅकरची ही जुनी खोड आहे. सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी पान परत का येतं, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

प्रॉक्सीही बघून घ्या: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये "नेटवर्क अँड इंटरनेट", त्यात "प्रॉक्सी". प्रॉक्सी म्हणजे तुमचं इंटरनेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधून फिरवणारी सोय. घरच्या जोडणीला ती सहसा लागत नाही. "यूज अ प्रॉक्सी सर्व्हर" आणि "यूज सेटअप स्क्रिप्ट" दोन्ही बंद हवेत.

आता स्कॅन

विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो आणि घरच्या वापराला तो पुरेसा आहे. स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" शोधा. आधी "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल" मध्ये "रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन" उघडा आणि "पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग" चालू आहे का बघा. व्हायरस म्हणता येत नाही पण नको असलेलं, असे जे प्रोग्राम असतात, ते अडवणारं हे बटण. आपला सगळा विषयच तो आहे. मग "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", "स्कॅन ऑप्शन्स", "फुल स्कॅन". जुन्या हार्डडिस्कवर याला काही तास लागतात, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर लाईट टिकेल अशी वेळ बघून लावा. मध्येच लाईट गेली तर बाकी काही नाही, स्कॅन पहिल्यापासून करावं लागतं.

दुसरं साधन ॲडडब्ल्यूक्लीनर. मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि मुख्यतः ॲडवेअर (जाहिराती दाखवणारे प्रोग्राम) व हायजॅकर शोधण्यासाठीच बनवलेलं आहे. मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या. स्कॅन करा, यादी वाचा, "क्वारंटाइन" करा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. लॅपटॉप कंपनीने सुरुवातीपासून टाकलेले प्रोग्राम तो वेगळे दाखवतो, ते काढणं-ठेवणं तुमच्यावर. वर सांगितलेला "तुमची संस्था" वाला प्रकार असेल, तर याच्याच सेटिंग्जमध्ये दुरुस्तीच्या पर्यायांत "रीसेट क्रोम पॉलिसीज" आणि "रीसेट प्रॉक्सी" आहेत, ते चालू करून पुन्हा फिरवा. मग एक्स्टेन्शन काढता येतं.

भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्यांच्या साईटवरही बॉट (लपून कॉम्प्युटरचा ताबा घेणारे प्रोग्राम) काढणारी साधनं फुकट मिळतात. यातलं एखादं वापरलंत तर काम झाल्यावर काढून टाका, दोन-तीन अँटिव्हायरस एकदम चालवू नका.

एवढ्यावरही ब्राउझर ताळ्यावर येत नसेल तर फॉरमॅट विंडोजचा नाही, ब्राउझरचा करा. त्याआधी क्रोममधलं गुगल सिंक, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन गुगल खात्यात साठवणारी सोय, बंद करा, नाहीतर काढलेलं एक्स्टेन्शन तुमच्या खात्यातून परत उतरतं. घरच्या लॅपटॉपवर तेच खातं असेल तर तिथूनही ते एक्स्टेन्शन काढायला हवं. मग सेटिंग्जमध्ये "रीसेट सेटिंग्ज". बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन बंद होतात आणि साईटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, एवढंच. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेन्यूतून समस्या सोडवण्याचं पान उघडलं की "रिफ्रेश फायरफॉक्स" हे बटण मिळतं.

हायजॅकर सापडला होता, अशा घरांनी मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलावा. तो बदल फोनवरून करा, त्याच कॉम्प्युटरवरून नको.

आता ब्लॉकर

माझं स्पष्ट मत: फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये हे काम सुरू केलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, फुकट आहे, आणि तो माणूस देणग्यासुद्धा घेत नाही. फायरफॉक्सच्या ॲड-ऑनच्या दुकानात नाव शोधा, बनवणाऱ्याचं नाव रेमंड हिल आहे याची खात्री करा, "ॲड टू फायरफॉक्स" दाबा. पुढे काहीही करावं लागत नाही, त्याच्या याद्या आपोआप ताज्या होत राहतात.

क्रोमच हवा असेल तर तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे गुगलने २०२४ आणि २५ मध्ये जुनं यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून टप्प्याटप्प्याने बंद केलं. लाइटची ताकद थोडी कमी आहे, पण रोजच्या वापराला चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये फिल्टरिंगची पातळी "ऑप्टिमल" ठेवा.

नाव काळजीने बघा म्हणतो त्याला कारण आहे. २०१८ मध्ये ॲडगार्ड कंपनीने क्रोमच्या दुकानातली पाच घातक एक्स्टेन्शन दाखवून दिली. त्यांतली बरीचशी ॲडब्लॉकरच्या नावाने होती, एकाचं नाव तर यूब्लॉक प्लस होतं, आणि सगळी मिळून दोन कोटींहून जास्त लोकांनी टाकली होती. गुगलने ती नंतर काढली. जाहिरातीला वैतागलेला माणूस ॲडब्लॉकर शोधतो, हे त्या लोकांनाही माहीत असतं. ब्लॉकर एकच ठेवा. दोन टाकले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

यूट्यूबवर मात्र कधी जाहिराती अडतील, कधी पुन्हा दिसू लागतील. तिथे दोन्ही बाजूंची रस्सीखेच चालू आहे, त्यात तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो.

घरातल्या बाकी साधनांसाठी, विशेषतः टीव्ही आणि फोनसाठी, डीएनएसचा (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) मार्ग आहे. राउटरमध्ये डीएनएसच्या दोन चौकटींत ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ हे ॲडगार्डचे पत्ते इंग्रजी आकड्यांत भरले की बऱ्याच जाहिरातींच्या साईट उघडतच नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" नावाची सेटिंग आहे, तिथे डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम हा पत्ता इंग्रजीत टाका. फोनच्या मोबाईल डेटाचीही यात बचत होते. यूट्यूबच्या जाहिराती याने अडत नाहीत.

पुन्हा येऊ नये म्हणून

आपल्याकडच्या घरांत घाण कुठून येते? मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, पीडीएफचं रूपांतर, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, याच चार वाटा मला पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत.

पहिल्या दोन तर पूर्णच टाळता येतात. मराठी लिहायला काहीही डाऊनलोड करायला नको. विंडोजच्या "टाइम अँड लँग्वेज" मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या कीबोर्डांत "मराठी फोनेटिक" निवडा. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो आतच आहे. जसं उच्चारतो तसं इंग्रजी अक्षरांत, म्हणजे "namaskar" असं, टाइप केलं की देवनागरी उमटतं. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते, आणि कुठल्याही पानाची पीडीएफ करायची तर प्रिंटमध्ये जाऊन प्रिंटरच्या जागी "सेव्ह ॲज पीडीएफ" निवडायचं. झिप फाईल विंडोज स्वतः उघडतो.

ड्रायव्हर प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरूनच घ्या. गुगलमध्ये शोधल्यावर वरच्या "स्पॉन्सर्ड" लिहिलेल्या दुव्यांना हात लावू नका, ते पैसे देऊन वर आलेले असतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना सावध केलं होतं की फसवे लोक सर्चमध्ये जाहिरात देऊन खऱ्या कंपनीसारखी दिसणारी पानं दाखवतात, आणि उपायांमध्ये ॲडब्लॉकर वापरा असंही सांगितलं होतं. सातबाऱ्यासाठी, निकालासाठी, विम्यासाठीही हीच काळजी. सरकारी साईटचा पत्ता साधारणपणे गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन यावर संपतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साईटवर १५ रुपयांत मिळतो. कुणी त्यासाठी वेगळं ॲप टाकायला सांगत असेल किंवा जास्त पैसे मागत असेल, तर पान बंद करा.

चौथी वाट म्हणजे दुकानात "सगळं टाकून" मिळालेला कॉम्प्युटर किंवा पेनड्राइव्हवरून आलेला ॲक्टिव्हेटर, म्हणजे विकतचं विंडोज किंवा ऑफिस पैसे न देता चालू करणारा प्रोग्राम. तो चालवण्याआधी डिफेंडर बंद करायला सांगतात, आणि पहारा उठवल्यावर आत काय आलं ते मग कुणालाच कळत नाही. ऑफिस लागत असेल तर लिबरऑफिस फुकट आहे, त्यात मराठी नीट चालतं आणि वर्ड-एक्सेलच्या फाईलही उघडतात. विंडोज १० वाल्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन झेपत असेल तर ११ वर जा.

काहीही इन्स्टॉल करताना "कस्टम" किंवा "ॲडव्हान्स्ड" निवडा आणि आधीपासून टिक केलेल्या चौकटी काढा. वेळ लागतो अर्धा मिनिट.

फॉर्म अडला तर

ब्लॉकर टाकल्यावर कधीतरी एखादा फॉर्म पुढे सरकत नाही, कॅप्चा दिसत नाही किंवा पैसे भरायची खिडकी उघडत नाही. शेवटच्या तारखेला असं झालं तर जीव वरखाली होतो. ब्लॉकर काढून टाकू नका. पत्त्याच्या पट्टीशेजारचं यूब्लॉकचं ढालीसारखं चिन्ह दाबा, मोठं निळं पॉवरचं बटण दाबा, पान पुन्हा लोड करा. तेवढ्या एका साईटपुरता ब्लॉकर बंद होतो. लाइटमध्ये त्याच चिन्हावरची पट्टी सरकवून "नो फिल्टरिंग" वर आणायची.

हेच बटण आणखी एका कामाला वापरा. आपल्या जिल्ह्याच्या बातम्या, मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव, धरणातला पाणीसाठा रोज देणाऱ्या छोट्या साईट बऱ्याचदा जाहिरातींवरच चालतात. ज्या साईटच्या जाहिराती साध्या आहेत, अंगावर येत नाहीत, डाऊनलोडचं खोटं बटण दाखवत नाहीत, तिथे ब्लॉकर बंद ठेवा. एकदा बंद केला की त्या साईटपुरतं ते लक्षात राहतं, दर वेळी करावं लागत नाही.